गाडीला एलपीजी किट: रोजच्या येण्याजाण्यात पैसे खरंच वाचतात का?

पेट्रोल १०४, गॅस ६२, म्हणजे लिटरमागे ४२ रुपये वाचले, असा हिशेब मनात करून बरेच जण पेट्रोलची गाडी एलपीजीवरही चालवणारं किट बसवायला जातात. या हिशेबात तीन गळत्या आहेत. गॅसच्या एका लिटरमध्ये पेट्रोलइतकी ऊर्जा नसते. इंजिन गार असताना गाडी पेट्रोलवरच चालते. आणि गॅसच्या गाडीला थोडी जास्त देखभाल लागते. तिन्ही वजा केल्यावर जे उरतं ती खरी बचत. रोज लांब जाणाऱ्याला ती चांगली मिळते, जवळच्या जवळ फिरणाऱ्याला जवळजवळ मिळत नाही.

खाली दिलेले दर आणि खर्च फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत. ऑटो एलपीजीचा दर दर महिन्याला बदलतो आणि गावागणिकही फरक असतो. तुमच्या पंपावरचा आजचा आकडा त्या जागी घाला.

आधी हिशेब

समजा, शहरात लिटरला १६ किलोमीटर देणारी छोटी पेट्रोल गाडी आहे. १०४ रुपये दराने किलोमीटरला ६.५० रुपये पडतात.

गॅसवर लिटरमागचं अंतर २० ते २५ टक्क्यांनी घटतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर एलपीजीमध्ये साधारण २५. कितीही चांगलं किट बसवलं तरी हा फरक पुसला जात नाही. त्यामुळे "पेट्रोलइतकंच ॲव्हरेज मिळेल" असं सांगणाऱ्या फिटरकडून किट घेऊ नका. आपल्या गाडीला गॅसवर लिटरला १२.५ धरू. ६२ रुपये दराने किलोमीटरला ४.९६ रुपये होतात, म्हणजे वरवर १.५४ रुपयांची बचत.

आता गार इंजिनाचा भाग. सेक्वेन्शियल किटमध्ये (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारं किट) गाडी पेट्रोलवर सुरू होते. टाकीतला द्रव गॅस रिड्यूसर नावाच्या भागात वायू होतो आणि त्याला लागणारी उष्णता इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातून, म्हणजे कूलंटमधून, मिळते. कूलंट ठरावीक तापमानाला, बहुधा ४० अंशांच्या आसपास, पोचलं की गाडी आपोआप गॅसवर जाते. मे महिन्यात याला किलोमीटरभरही पुरतो, जानेवारीत नाशिकच्या पहाटे दोन लागतात. एका बाजूचा प्रवास २० किलोमीटरचा असेल तर साधारण ७ टक्के अंतर पेट्रोलवर जातं. १.५४ ला ०.९३ ने गुणलं की १.४३ उरतात.

देखभालीचा जादा खर्च (गॅसचे फिल्टर, थोडे लवकर बदलावे लागणारे प्लग, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची तपासणी, पुढेमागे रिड्यूसरचं दुरुस्ती किट) किलोमीटरला १५ पैसे धरा. हाती उरले १.२८ रुपये.

सेक्वेन्शियल किट फिटिंगसह ४०,००० आणि आरटीओ, विमा वगैरे ३,००० धरले, तर ४३,००० ला १.२८ ने भागा: ३३,६०० किलोमीटर. रोज जाऊन येऊन ४० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस असतील तर पैसे सुटायला पावणेतीन वर्षं लागतात. त्यानंतर महिन्याला तेराशेच्या आसपास हातात पडतात.

गॅसचा दर बदलला की चित्र पार पालटतं. ५५ रुपयांना गॅस मिळाला तर किलोमीटरला १.८० वाचतात आणि २४,००० किलोमीटरमध्ये, म्हणजे दोन वर्षांत, किट फिटतं. दर ७० झाला तर ६९ पैसेच वाचतात आणि ६२,००० किलोमीटर लागतात. ही पाच वर्षांची गोष्ट झाली. डोक्यात ठेवायला सोपा नियम असा: गॅसचा दर पेट्रोलच्या ६० टक्क्यांच्या आत असेल तर पुढचा विचार करा. तो ७५ टक्क्यांना टेकला की बचत संपली. आजच्या दरावर न जाता मागच्या वर्षभरात तुमच्या पंपावर हे प्रमाण कुठून कुठे गेलं ते बघा.

आता दुसरी गाडी घ्या. तीच गाडी, तेच दर, पण काम शाळेत सोडणं, भाजी आणणं, पाच किलोमीटर जाऊन थांबणं. इथे ३० टक्के अंतर सहज पेट्रोलवर जातं. किलोमीटरला ९३ पैसे वाचतात आणि महिन्याला ३०० किलोमीटर होत असतील तर किट फिटायला बारा वर्षांहून जास्त लागतात. अशा गाडीला किट लावू नये, मग दुकानदार कितीही सूट देवो.

तुमच्या हिशेबासाठी सूत्र:
(पेट्रोलचा किलोमीटरचा खर्च − गॅसचा किलोमीटरचा खर्च) × गॅसवर चालणारा हिस्सा − ०.१५ = किलोमीटरमागची खरी बचत.
एकूण खर्चाला या आकड्याने भागलं की किती किलोमीटरनंतर पैसे सुटतील ते कळतं. गाडी तितके किलोमीटर तुमच्याकडे राहणार आहे का, हा प्रश्न त्यानंतर विचारा. दोन वर्षांत विकायची असेल तर उत्तर बहुधा नाही असंच येईल.

पेट्रोलचं ॲव्हरेज मात्र मोजूनच घाला. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, चारपाचशे किलोमीटर नेहमीच्या रस्त्याने चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करा. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा बऱ्याच गाड्यांत थोडा फुगलेला असतो. तो घातला तर दोन्हीकडचं गणित बिघडतं.

सीएनजी मिळत असेल तर

मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात ही तुलना टाळता येत नाही. एक किलो सीएनजी साधारण दीड लिटर पेट्रोलइतकं काम करतो. त्याच गाडीला किलोला २२ किलोमीटर आणि दर ९० रुपये धरला तर किलोमीटरला ४.०९ पडतात. वरच्याच पद्धतीने सगळं वजा केल्यावर २.०९ रुपये वाचतात. किट महाग असतं. सगळं मिळून ६८,००० धरले तर ३२,५०० किलोमीटरला पैसे सुटतात. म्हणजे दोन्ही किटं जवळजवळ एकाच ठिकाणी फिटतात, पण त्यापुढे सीएनजी किलोमीटरला ८१ पैसे जास्त वाचवते. जवळ पंप असेल आणि रांग सहन होत असेल तर पैशाच्या हिशेबात सीएनजीच पुढे आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मग एलपीजी कुणाला? सीएनजीचा पंप वाटेवर नाही किंवा रांगेत रोज अर्धा तास जातो, डिकी मोकळी हवी आहे, आणि एलपीजीचे किमान दोन पंप नेहमीच्या रस्त्याजवळ आहेत, अशांना. सीएनजी २०० बारच्या दाबाने भरतात, म्हणून जाड, जड सिलिंडर लागतो आणि तो डिकी खातो. एलपीजी थोड्या दाबाखाली द्रव होतो, त्यामुळे टाकी हलकी असते आणि भरायला पेट्रोलइतकाच वेळ लागतो. स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी गोल टाकी मिळते. स्टेपनी मात्र तिथून उठून डिकीत येते.

पंप "आहे" यावर थांबू नका. इंडियन ऑइल, एचपी, भारत पेट्रोलियम यांचे काही पंप, तसंच गो गॅस आणि एजिस यांची केंद्रं नकाशात दिसतात. त्यातली काही बंद पडलेली असतात, काहींचा साठा मधूनच संपतो. किटचे पैसे देण्याआधी दोन्ही पंपांवर कामाच्या दिवशी, तुमच्या जायच्या वेळी, स्वतः जाऊन बघा. गॅससाठी रोज चार किलोमीटर वाकडी वाट करावी लागली तर महिन्याच्या हजार किलोमीटरमध्ये शंभर किलोमीटरची भर पडते. तेराशेची बचत आठशेच्या खाली येते.

गाडी किटला लायक आहे का

पेट्रोलवर अडखळणारी गाडी गॅसवर जास्त अडखळते, कारण गॅसचं मिश्रण पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. किटआधी एवढं करून घ्या:

– गरम इंजिनावर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची चाचणी). सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. ऑइल पिणाऱ्या इंजिनावर किट लावणं म्हणजे पैसे घालवणं.
– प्लग नवे. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. कंपनीने १.० किंवा १.१ सांगितला असेल तर ०.२ ने कमी करा.
– इग्निशन कॉइल आणि वायरी तपासा, एअर फिल्टर नवा टाका.
– कूलंट कमी होतो का ते बघा. रिड्यूसर कूलंटवर चालतो, गळती असेल तर दोन्ही बिघडतात.
– टॅपेटचा गॅप मोजून लिहून ठेवा. पुढच्या तपासणीत तुलनेला हाच आकडा लागेल.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन असेल तर नेहमीचं किट चालत नाही. तिथे पेट्रोलचा इंजेक्टर ज्वलनकक्षात असतो आणि आतून वाहणाऱ्या पेट्रोलनेच गार राहतो. पेट्रोल पूर्ण बंद केलं की तो भाजतो. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनाच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल हे धरून चाला.

किट कोणतं

जुन्या पद्धतीच्या व्हेंचुरी किटमध्ये हवेच्या वाटेत मिक्सर बसवून सगळ्या सिलिंडरांना एकत्र गॅस देतात. ते स्वस्त असतं. पण इनटेकमध्ये कायम गॅस आणि हवेचं मिश्रण भरलेलं असतं, आणि एखादी ठिणगी मागे आली की बॅकफायर होऊन एअर फिल्टरचा डबा फुटतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला ते एक वेळ ठीक. इंजेक्शनच्या गाडीला सेक्वेन्शियलच घ्या. त्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असतो आणि गॅसचा ईसीयू (किटचा छोटा संगणक) पेट्रोल इंजेक्टरचा सिग्नल वाचून त्या प्रमाणात गॅस सोडतो.

लोवाटो, बीआरसी, लांडी रेंझो, टोमासेटो ही इटालियन नावं बाजारात चालतात आणि चारही चांगली आहेत. नावापेक्षा फिटर जास्त महत्त्वाचा. उत्तम किट घाईघाईत बसवलं तर साध्या किटपेक्षा जास्त त्रास देतं.

कागद मागा. किटला एआरएआय किंवा आयकॅटसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं टाइप ॲप्रूव्हल, म्हणजे त्या प्रकारच्या किटची मंजुरी, लागतं. ते इंजिनाच्या सीसीच्या गटासाठी आणि उत्सर्जन मानकासाठी असतं. बीएस-४ ची मंजुरी बीएस-६ गाडीला चालत नाही. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून सीएनजी आणि एलपीजी किट बसवायला केंद्राने २०२२ मध्ये परवानगी दिली, पण तुमच्या इंजिनासाठी मंजूर झालेलं किट असलं पाहिजे. मंजुरीची मुदत संपली नाही ना आणि फिटर परिवहन विभागाकडून अधिकृत आहे ना, हे पैसे देण्याआधीच बघा. टाकीवर आयएस १४८९९ आणि टाकीच्या तोंडावरच्या मल्टिव्हॉल्व्हवर आयएस १५१०० हे मानक हवं. टाकीवर कोरलेला क्रमांक आणि चाचणीची तारीख बिलावर उतरवून घ्या.

फिटिंग होताना काय बघायचं

कामाला पूर्ण दिवस जातो. दोन तासांत देतो म्हणणाऱ्याकडे गाडी टाकू नका. बहुतेक दुखणी याच दिवशी जन्माला येतात.

गॅसचे नोझल बसवायला सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला भोकं पाडावी लागतात. मॅनिफोल्ड इंजिनावरून काढूनच ती पाडली पाहिजेत. गाडीवरच ड्रिल मारलं तर धातूचा कीस सिलिंडरमध्ये जातो आणि भिंतींवर ओरखडे पडतात. हे काही महिन्यांनी ऑइलच्या धुरातून कळतं, तेव्हा दाद मागायला उशीर झालेला असतो. सगळी भोकं सिलिंडर हेडच्या जवळ, सारख्या अंतरावर आणि सारख्या कोनात हवीत. इंजेक्टरपासून नोझलपर्यंतचे पाइप सारख्या लांबीचे आणि होईल तितके आखूड हवेत, १५-२० सेंटिमीटरच्या आत. पाइप लांब झाले की गॅस उशिरा पोचतो आणि आयडलिंगला गाडी थरथरते.

रिड्यूसर रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा खाली बसवायचा असतो, नाहीतर त्यात हवा अडकते. कूलंटच्या पाइपमधली हवा काढली नाही तर रिड्यूसर गरम होत नाही, गॅस पूर्ण वायू होत नाही आणि बाहेरून पांढरं बर्फ धरतं. बर्फ दिसलं की पेट्रोलवर घेऊन थेट फिटरकडे जा.

टाकीपासून पुढे येणारा तांब्याचा पाइप प्लास्टिकच्या आवरणाचा असतो. तो गाडीच्या खालून, सायलेन्सरपासून लांब, जागोजागी क्लिप लावून आणलेला हवा. टाकी डिकीत असेल तर मल्टिव्हॉल्व्हवर हवाबंद झाकण आणि त्यातून गाडीबाहेर जाणारी हवेची नळी असलीच पाहिजे. गळलेला गॅस आत न साठता बाहेर जावा यासाठी ती असते. जागा वाचवायला काही जण ती वगळतात. ती नसेल तर गाडी ताब्यात घेऊ नका.

सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. बुडबुडा आला की जोड पुन्हा बांधायचा.

शेवटी मॅपिंग, म्हणजे कधी किती गॅस सोडायचा ते ईसीयूत बसवणं. उभ्या गाडीवर ऑटो-कॅलिब्रेशन ही फक्त सुरुवात असते. त्यानंतर लॅपटॉप जोडून रस्त्यावर, चढावर, एसी लावून गाडी चालवावी लागते. पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर इंजेक्शनचा वेळ जवळपास सारखा यायला हवा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे मिश्रण सुधारायला गाडी इंधन किती टक्के वाढवते-घटवते तो आकडा, बघायला सांगा: गॅसवर तो अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत राहिला तर मॅपिंग जमलं. अधिक १५, २० दिसत असेल तर मिश्रणात गॅस कमी पडतोय. थोड्याच दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागेल आणि पी ०१७१ हा कोड येईल. गॅस कमी आणि हवा जास्त अशा मिश्रणावर इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह जळतात. एक हजार किलोमीटरनंतर हीच तपासणी पुन्हा करून घ्या. ती फुकट असल्याचं बिलावर आधीच लिहून घ्या.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंधन बदलाची नोंद आरसीवर लागते. परिवहनच्या वेबसाइटवर वाहनातील बदलासाठी अर्ज करायचा, फिटरचं प्रमाणपत्र, किटच्या मंजुरीची प्रत, टाकीची कागदपत्रं, बिल, विमा आणि पीयूसी जोडायचं आणि गाडी तपासणीला न्यायची. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. आरसीवर इंधनाच्या जागी "पेट्रोल/एलपीजी" आलं की काम झालं.

विमा कंपनीला कळवून पॉलिसीत किट चढवून घ्या. किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये एवढाच जादा हप्ता असतो. तो वाचवण्याच्या नादात अपघातानंतर दावा नाकारला जाण्याची वाट मोकळी होते.

घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणं २००१ च्या केंद्राच्या आदेशाने बेकायदा आहे. छोट्या पंपाने, बंद खोलीत, उघड्या नळीने होणारी ती भरणी स्फोटाला आमंत्रण असते. त्यात आजूबाजूची घरंही जातात. स्वस्त मिळतो म्हणूनही तिकडे जाऊ नका.

रोजचं वापरणं

टाकी ८० टक्केच भरते, वरचा भाग गॅसला पसरायला मोकळा राहतो. ३५ लिटरच्या टाकीत २८ लिटर मावतात आणि १२.५ च्या ॲव्हरेजने साडेतीनशे किलोमीटर होतात. कधी २८ च्या वर गॅस गेला तर भरणं थांबवा, मल्टिव्हॉल्व्हचा फ्लोट अडकलेला आहे. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हे अजिबात अंगावर काढू नका. भरताना इंजिन बंद, माणसं गाडीबाहेर.

पेट्रोलची टाकी पाव तरी भरलेली ठेवा. बऱ्याच फिटिंगमध्ये गॅसवर असतानाही टाकीतला पेट्रोल खेचणारा पंप फिरत राहतो आणि कोरड्या टाकीत तो जळतो. त्या एका पंपाच्या खर्चात काही महिन्यांची बचत जाते. आठवड्यातून पंधरा-वीस किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत.

द्रव गॅसचा फिल्टर १५ ते २० हजार किलोमीटरला, वायूचा १० ते १५ हजारांना बदला. पिकअप कमी वाटला की आधी हेच बघा, बहुतेक वेळा दुखणं इथेच निघतं. टॅपेट ज्या इंजिनात हाताने लावावे लागतात तिथे दर २० ते ३० हजारांना गॅप मोजा. गॅसमुळे व्हॉल्व्ह सीट हळूहळू झिजते आणि गॅप कमी कमी होत जातो. तो संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम गाडी बंद पडायला लागते आणि पुढे हेड उतरवावं लागतं. पंधरा पैशांची जी तरतूद वर धरली ती यासाठीच.

गॅसचा वास आला तर: गाडी बंद करा, कुठलंही बटण दाबू नका, दारं आणि डिकी उघडा, मल्टिव्हॉल्व्हवरची हाताची चकती घड्याळाच्या दिशेने फिरवून गॅस बंद करा, गाडी ढकलून मोकळ्यात न्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, खाली साचतो. म्हणून तळघरातल्या पार्किंगमध्ये वास आल्यावर "जाईल थोड्या वेळाने" म्हणत थांबू नये. सोसायटीचं पार्किंग तळघरात असेल तर किट बसवण्याआधीच तिथे गॅसच्या गाडीला परवानगी आहे का ते विचारून घ्या.

टाकीची चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते, त्या वर्षीच्या खर्चात ती धरा. गाडी विकताना किट काढून दुसऱ्या गाडीला लावण्याचा विचार सहसा परवडत नाही: मॅनिफोल्डची भोकं बुजवावी लागतात, आरसीवरची नोंद परत बदलावी लागते, आणि दुसऱ्या इंजिनासाठी तेच किट मंजूर असेलच असं नाही. किटसकट विका. गिऱ्हाईक रोज लांब जाणारं मिळालं तर फिल्टर, टॅपेट आणि ट्रिमच्या नोंदी दाखवल्यावर चार पैसे जास्तही मिळतात.